चोवीस बिटांची भूक

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका मित्राला नेटवर्क स्ट्रीमर घ्यायचाय. म्हणजे जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला वायफायवरून गाणी पुरवणारी वाटीएवढी डबी. ‘स्वस्तातली हवी’ ही एकच अट. या अटीला सहा महिने झाले.

आधी विम मिनी ठरली. मग कळलं, तिला लॅनची केबल लावायला जागाच नाही. म्हणून विम प्रो. मग रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक आणून स्वतःच जुळवायचं ठरलं; तो उत्साह दोन दिवस टिकला. आता म्हणतो, डबी स्वस्तातलीच, पण डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा भाग) मात्र वेगळा, चांगला! म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग.

सीडीचं १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झमध्ये भागतं. याला २४ आणि १९२ हवेत. कशासाठी? तर पलुस्करबुवा ऐकायला. द. वि. पलुस्कर १९२१ साली नाशकातच जन्मले, १९५५ मध्ये गेले. त्यांचं बरंचसं गाणं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचं, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, वर सुईची खरखर. ती खरखर आता सेकंदाला १,९२,००० वेळा मोजली जाणार.

तूर्तास तो फोन स्टीलच्या तांब्यात उभा करून ऐकतो. (घुमतं छान, खोटं कशाला बोलू.) परवा गेलो तेव्हा तान ऐन रंगात आली होती. तेवढ्यात पाहुण्यांना पाणी द्यायला वहिनी तांब्या घेऊन गेल्या.