परदेशी डोडोच्या बाजूने

मॉरिशसला गेलेला मराठी पर्यटक पोर्ट लुईच्या बाजारात खेळण्यातला डोडो पक्षी हातात घेतो आणि सर्वात आधी त्याला उलटा करतो. पोटाखाली लावलेली चिठ्ठी वाचायची असते. कापडी डोडो असला तर बहुधा चीनचं नाव निघतं, लाकडी असला तर मादागास्करचं, आणि डोडो पुन्हा फळीवर जातो. एवढा समुद्र ओलांडून आलो तो चिनी माल घ्यायला? तो तर मस्जिद बंदरला डझनाच्या भावात मिळतो! या रागाला आपल्याकडे मोठी प्रतिष्ठा आहे. सहलीची खरेदी कळते असा ज्याचा लौकिक असतो, तो प्रत्येक माणूस ‘तिथलं काहीतरी घ्या’ असंच सांगतो. माझं म्हणणं उलटं आहे. परदेशात बनलेला डोडो घेणं हीच मॉरिशसमधली अस्सल स्थानिक खरेदी आहे, आणि चिठ्ठी वाचून डोडो परत ठेवणाऱ्याने चिठ्ठीऐवजी बेटाचा इतिहास वाचायला हवा होता.

१५९८ साली डच तिथे उतरले तेव्हा बेटावर माणसाची वस्ती नव्हती. मूळचे सस्तन प्राणी म्हणाल तर फक्त वटवाघळं. बाकी सगळं आलेलं, आणलेलं, नाहीतर जहाजातून चोरून उतरलेलं. ऊस डचांनी १६३९ साली जावाहून आणला, हरणंही तिथूनच. पुढे फ्रेंच आले, १८१० साली इंग्रज आले. आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले, आणि १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणी माणसंही होती. आज गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मजुरांपाठोपाठ रुपयासुद्धा गेला. तिथलं चलन रुपयाच आहे आणि नोटेवर देवनागरी अक्षरं आहेत. फक्त तो रुपया आपल्या रुपयापेक्षा वजनदार असल्यामुळे भाव ऐकून झालेला आनंद गुणाकार होईपर्यंतच टिकतो. ‘अस्सल मॉरिशसचा’ म्हणून जो व्हॅनिला चहा घेतला जातो, त्यातला चहा जातीने आशियाचा आणि व्हॅनिला मेक्सिकोची. त्या वेलीला या बाजूला शेंगाच धरत नव्हत्या. शेजारच्या रेयुनियन बेटावर १८४१ साली एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने फुलाचं हाताने परागीकरण करण्याची सोपी युक्ती काढली, तेव्हा कुठे व्हॅनिलाचा धंदा उभा राहिला. रम उसाची, म्हणजे ओघाने जावाची. अशा बेटावर उभं राहून ‘इथलंच काहीतरी दाखवा’ म्हणणं हा दुकानदारावर अन्याय आहे. इथलं जे होतं ते तीनशे वर्षांपूर्वीच संपलं, आणि ते म्हणजे डोडो.

डोडोची गोष्ट तर याहून सोयीची. १६६२ सालची नोंद ही तो जिवंत दिसल्याची शेवटची खात्रीची नोंद मानतात. खलाशांनी त्याला मारून खाल्लं हे खरं, पण त्याचा खरा घात केला तो जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. जमिनीवर घातलेली अंडी त्यांच्या तोंडी पडली. आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात एक वाळलेलं डोकं आहे. बाकी ठिकठिकाणी हाडं. तो नेमका कसा दिसायचा हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. युरोपातल्या चित्रकारांनी रंगवलेला गोलमटोल डोडो पिंजऱ्यात खाऊन खाऊन सुटलेला असावा, असा अभ्यासकांना संशय आहे. त्यातल्या त्यात विश्वासार्ह मानलं जाणारं चित्र मुघल दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या नावावर आहे आणि ते सध्या सेंट पीटर्सबर्गला असतं. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकात सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. म्हणजे मॉरिशसहून हिंदुस्थानात डोडो नेण्याची चाल चारशे वर्षांची आहे आणि त्या काळी तो जिवंत मिळत होता. तात्पर्य इतकंच, की मूळ नमुना पाहिलेला कुणी उरलेला नसताना चिनी कारखान्याने चोच जरा वाकडी शिवली, तर तक्रार कोणत्या आधारावर करणार?

यावर जाणकार म्हणतात, डोडो सोडा, मूळचं असं अजूनही बरंच आहे. आहे, कबूल. शामारेलची सात रंगांची माती घ्या. ज्वालामुखीचा खडक झिजून तयार झालेली, लोहाच्या संयुगांनी तांबडी-तपकिरी झालेली ही माती खरोखर तिथलीच. तिच्यावर पाय ठेवू देत नाहीत; कठड्याबाहेरून पाहायची आणि काचेच्या नळीत भरलेली दुकानातून घ्यायची. अडचण अशी की परदेशातली माती परवान्याशिवाय भारतात आणायला आपल्या वनस्पती-संसर्गरोधाच्या नियमांची आडकाठी आहे. नळीभर मातीसाठी कस्टमवाला कुणाला अडवून ठेवेल असं नाही, पण ज्या एका वस्तूच्या अस्सलपणाबद्दल शंका नाही, तीच बॅगेत लपवावी लागावी यात काहीतरी गंमत आहे. मॉरिशसचा केस्ट्रेल, म्हणजे तिथला छोटा ससाणा, हाही मूळचाच. १९७४ साली रानात त्याचे चार पक्षी माहीत होते. माणसांनी चिकाटीने अंडी उबवून, पिल्लं वाढवून त्याला परत उभं केलं. पण वाचलेल्या पक्ष्याला बाजारात डोडोचा भाव नाही. पर्यटकाला मेलेला पक्षी हवा असतो, कारण त्याच्यावर हळहळता येतं. आणि वटवाघूळ? त्याच्याइतका जुना भूमिपुत्र दुसरा नाही. बागांतली लिची आणि आंबे खातो म्हणून २०१५ साली सरकारनेच ही वटवाघळं हजारोंनी मारली. लिची चीनची, आंबा आपल्याकडचा. खाणारा तेवढा तिथला. या इमानदार प्राण्याची की-चेन घेऊन या आणि ‘खास तुझ्यासाठी’ म्हणत मेहुणीच्या हातात ठेवून पाहा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. चिनी डोडो घेतला तर तिथल्या कारागिराने खायचं काय? क्युरपिपच्या आसपास लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करणारे कारागीर आहेत. फळ्या, डोलकाठ्या, दोरखंडाच्या गाठी, सगळं प्रमाणात आणि हाताने. एकेका मोठ्या जहाजात पुष्कळ तासांची मेहनत असते. ऐपत असेल त्याने हे जहाज जरूर घ्यावं, घासाघीस न करता घ्यावं, आणि विमानात मांडीवर ठेवून आणावं. पण ‘तिथलं’ म्हणून घेऊ नये, हातांची किंमत म्हणून घ्यावं. कारण ही जहाजं आहेत कोणती? कुठे इंग्रजांची लढाऊ जहाजं, कुठे १७४४ साली याच बेटाच्या किनाऱ्यावर फुटलेलं फ्रेंचांचं ‘सें-जेरां’. तिथेही नमुना परक्याचाच. कसब मात्र तिथलं आहे, आणि कसबाला जन्मदाखला मागायचा नसतो, पैसे द्यायचे असतात. चिठ्ठी पाहून डोडो खाली ठेवणारा माणूस या जहाजाची किंमत ऐकून तेही खाली ठेवतो आणि शेवटी विमानतळावर चॉकलेट घेतो. ते स्वित्झर्लंडचं असतं. त्याची चिठ्ठी कुणी वाचत नाही.

हा न्याय आपण घरी कधी लावला आहे का, हेही पाहावं. गोव्याहून येणाऱ्याने काजू आणले नाहीत तर सोसायटीत बोलणी बंद होतात; तो काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. लोणावळ्याच्या चिक्कीतला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीबद्दल बोलायलाच नको. पाहुणा पुरेसे दिवस राहिला की घरचा होतो, हा नियम काजूला लावायचा आणि डोडोला नाकारायचा, याचं कारण मला तरी दिसत नाही.

उरला आठवणीचा मुद्दा. खोट्या वस्तूशी खरी आठवण कशी जोडायची, असं विचारतात. याचं उत्तर खरेदीच्या यादीतच सापडतं. समुद्र पाहून आलेल्याला त्याची आठवण ठेवायला खेळणं लागत नाही, फोनमध्ये त्याचे नको तेवढे फोटो असतात. यादी असते ती न आलेल्यांची: कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शेजारीण काकू, रजा मंजूर करणारे साहेब, रजेत काम ओढणारे सहकारी, ‘आमच्यासाठी काही आणू नका हं’ असं मुद्दाम फोन करून सांगणारी आत्या. हा परतीचा कर आहे आणि तो भरताना माल कुठला यापेक्षा नग किती याला महत्त्व असतं. घेणाराही डोडोला उलटा करत नाही. तो शेजारच्याच्या डोडोकडे बघतो. म्हणून चीनचे घ्या की मादागास्करचे, सगळे एकाच मापाचे घ्यावेत. आणि आत्यासाठी एक नंबर मोठा घ्यायचाच असेल, तर तो काकूंच्या समोर पिशवीतून काढू नये.