पार्सलअण्णा

जामखेडास रेल्वे नाही. अहिल्यानगर–बीड सडक, एस.टी.चे आगार आणि टपालाची थैली एवढ्याच साधनांवर ह्या गावाचा बाहेरच्या जगाशी व्यवहार चालत आला असून, एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसलेल्या उतारूच्या मणक्याचे पुढे काय होते ह्याची चौकशी करण्यास कोणी मोकळा नसला, तरी त्याच मार्गाने परगावी निघालेल्या पुस्तकाच्या कण्याचे काय होईल ह्या विवंचनेने ज्याची झोप उडते असा एक गृहस्थ येथे नांदत आहे. त्यांचे खरे नाव पेन्शनच्या कागदावर असेल. गाव त्यांस पार्सलअण्णा म्हणते. असे अण्णा हल्ली आष्टीस, करमाळ्यास, किंबहुना जेथे म्हणून एक मोबाइल, एक टेपची गुंडाळी आणि दिवंगत चुलत्याने मागे ठेवलेली दोन कपाटे पुस्तके एका छपराखाली येतात तेथे तेथे निपजू लागले आहेत. परंतु जामखेडचा नमुना अव्वल असल्याकारणाने त्याचेच वर्णन करणे उचित होय.

अण्णांची उभी हयात तहसील कचेरीत जावक कारकुनी करण्यात गेली. कागद कोणी लिहिला, त्यावर शेरा कोणी मारला, मखलाशी कोणाची, ह्याच्याशी जावक कारकुनास कर्तव्य नसते. त्याने नोंदवहीत क्रमांक घालावा, लिफाफा चिकटवावा आणि टपाल रवाना करावे. परंतु लिफाफा सरकारी आणि डिंकही सरकारी. तेव्हा चिकटविलेला लिफाफा टेबलावरून थैलीपर्यंत जाईतो पुनः तोंड वासून बसे, आणि ह्या मानभंगाचे शल्य अण्णांनी सेवानिवृत्तीच्या दिवसापर्यंत मूकपणे वागविले. त्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी परतताना त्यांनी बाजारपेठेतून खाकी टेपच्या सहा गुंडाळ्या घेतल्या. पुस्तके ऑनलाइन विकण्याची कल्पना त्यांस त्यानंतर सुचली.

त्यांच्या ह्या प्रवृत्तीस एक ऐतिहासिक परंपराही आहे, आणि ती सांगितल्यावाचून ते कोणास घरातून उठू देत नाहीत. जुने कागद कापडी रुमालात बांधून ठेवण्याची चाल आपल्याकडे फार पुरातन. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल जतन होऊन राहिले, म्हणूनच गोविंद सखाराम सरदेसाई यांना त्यांतून निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध करता आले. सर्व जग ह्या कामगिरीचे श्रेय सरदेसायांस देते. अण्णा ते रुमालाची गाठ मारणाऱ्या अज्ञात कारकुनास देतात, आणि थोडा विचार केला असता त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

अण्णा पुस्तक बांधावयास बसले म्हणजे ओसरीवर एक प्रकारचे सोवळे सुरू होते. प्रथम पुस्तक उन्हाच्या तिरिपेत धरून कसर लागली आहे काय ते पाहावयाचे. मग दाढीच्या कोऱ्या ब्रशाने पानांच्या कडा झाडावयाच्या. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, कारण पाऊस जामखेडात नसला तरी पार्सल जाईल तेथे असतो. नंतर कोरा कागद. वर्तमानपत्र वर्ज्य, कारण त्याची शाई उतरते आणि 'बातमी पुसट झाली तर चालेल, मुखपृष्ठ नाही' असा त्यांचा दंडक आहे. मग येतो तो पन्हळी पुठ्ठा. हा पुठ्ठा पुस्तकाएवढा कापणाऱ्या मनुष्यास अण्णा निव्वळ अडाणी समजतात. तो चारी बाजूंनी अर्धा इंच मोठा हवा, म्हणजे पार्सल पडले असता मार प्रथम पुठ्ठ्याच्या कोपऱ्यास बसतो आणि पुस्तकाचा कोपरा शाबूत राहतो. शिवाय पुठ्ठे दोन, आणि एकाच्या पन्हळी उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, जेणेकरून ते कोणत्याच अंगाने वाकू नयेत. त्यावर फुग्यांचे वेष्टन, त्यावर खाकी कागद, त्यावर टेप, आणि टेपवर भरवसा नाही म्हणून सुतळी. इतके झाल्यावर पार्सल कानाशी धरून हलवावयाचे. आतून किंचितही आवाज आला तर सर्व सोडून पुनः आरंभ. आवाज न आल्यास ते खाटेच्या उंचीवरून फरशीवर टाकावयाचे, आणि ह्या वेळी स्वयंपाकघरातून "अहो, पोरगं झोपलंय!" अशी हाक न येईल असा दिवस त्या घरात उगवलेला नाही.

पुठ्ठ्याचा पुरवठा औषधांच्या दुकानातून होतो. त्यामुळे नाशिकच्या एका सत्शील कुटुंबात मागविलेली ज्ञानेश्वरी सलाईनच्या खोक्यात जाऊन पोहोचली, व खोक्यावरील बाटलीचे चित्र पाहून शेजारच्या मंडळींनी घरात आजारी कोण म्हणून रीतसर समाचार घेतला.

एवढ्या निगुतीने बांधलेली पुस्तके अण्णा वाचतात काय, हा प्रश्न त्यांस विचारू नये. मिठाईवाल्याने मिठाई खाऊ नये हे तत्त्व ते सांगतात. मात्र मराठी वाङ्मयाचे त्यांचे ज्ञान अल्प आहे असे मुळीच नाही. ते केवळ सेंटिमीटर आणि ग्रॅम ह्या परिमाणांत साठविलेले आहे. रणजित देसायांचे 'श्रीमान योगी' त्यांस थोर वाटते, कारण ते कोणाच्याही आधारावाचून उभे राहते. कवितासंग्रह हा अत्यंत दुबळा प्रकार आहे, दोन पुठ्ठ्यांवाचून तो तग धरत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड एकाच गिऱ्हाइकास जावयाचे ठरले, तेव्हा ज्या आनंदाने ते चार दिवस टेप ओढीत होते, तो आनंद खंड सिद्ध झाले त्या दिवशी संपादकांनाही झाला असेल की नाही, कोण जाणे.

टपालकचेरीत अण्णांचे आगमन ही एक घटना असते. त्यांच्या पार्सलाचा पहिला परिणाम वजनकाट्यावर होतो. खिडकीवरील बाईंनी एकदा पार्सल उचलून विचारले, "अण्णा, ह्यात पुस्तक आहे का पाटा-वरवंटा?" अण्णांनी गंभीरपणे नोंदवही उघडून तपशील वाचून दाखविला: पुस्तक 260 ग्रॅम, बंदोबस्त 290 ग्रॅम. प्रेमकवितांचा तो चिमुकला संग्रह कादंबरीच्या दराने रवाना झाला, आणि वाढलेला आकार गिऱ्हाइकाकडून घेणे प्रशस्त न वाटल्याने अण्णांनी तो आपल्या पेन्शनीतून भरला. ह्या धंद्यात त्यांस नफा होतो अशी वदंता आहे, पुरावा नाही.

जुन्या बुकपोस्टाची मात्र त्यांस मनापासून चीड होती. वास्तविक ती सवलत ग्रंथव्यवहारास केवढी उपकारक. परंतु स्वस्त दराच्या मोबदल्यात पाकीट असे बांधावे लागे की टपालखात्यास आतील वस्तू सहज काढून तपासता यावी. सहज काढता यावी! ज्याने हयातभर आपोआप उघडणाऱ्या लिफाफ्यांचे दुःख सोसले, त्यास सरकारने पुनः उघडे पाकीट बांधावयास सांगावे, ह्याहून मोठा दैवदुर्विलास तो कोणता? 18 डिसेंबर 2024 पासून नोंदणीकृत बुकपोस्ट बंद झाले, तेव्हा महाराष्ट्रातील लहानमोठे प्रकाशक, वाचनालये व दिवाळी अंकवाले हवालदिल झाले. अण्णांना गिऱ्हाइकांच्या खर्चाचे वाईट वाटले, पण मनाच्या एका कोपऱ्यात समाधानही झाले. पुढे 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले. तीनशे ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि पाच किलोपर्यंत 100 रुपये असा त्याचा दर, आणि शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांसाठी ती सोय. आता बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाडाच्या रहस्यकथा ह्यांपैकी कोणत्या सदरात मोडतात, असा पेच पडला. अण्णांनी तत्काळ निकाल दिला: "सामाजिक. खून समाजातच होतात." मागे उभ्या असलेल्या एका वकिलांनी हा युक्तिवाद आपल्या वहीत टिपून घेतल्याचे ऐकिवात आहे.

पिनकोडाविषयी त्यांस भक्तीच आहे म्हणा ना. 15 ऑगस्ट 1972 रोजी अमलात आलेली ही सहा आकड्यांची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, आणि वेलणकर हे संस्कृतचे कवी. कवीच्या हातून एवढे उपयुक्त काम झाल्याचे हे एकमेव उदाहरण, असे अण्णा म्हणतात. ते आपण सोडून द्यावे. अहिल्यानगर शहराचा 414001 आणि जामखेडचा 413201, म्हणजे जिल्ह्याच्या गावाशी आपले पहिले तीन आकडेही जुळत नाहीत, ह्याचा त्यांस विलक्षण अभिमान वाटतो, व हा आकडा ते पार्सलावर चौकटी आखून, पट्टीने रेघा ओढून, पाणपोईच्या पाटीएवढ्या अक्षरांत लिहितात.

ह्याच अभिमानातून एक प्रकरण उद्भवले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने 1970 साली येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, खेड्यांतील निरक्षर बायांना आरोग्याचे काम शिकविले, आणि 1979 साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या उभयतांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाचे नावच मुळी 'जामखेड'. त्याची एक जुनी प्रत कोलकात्याच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने मागविली. जामखेडातून 'जामखेड' पाठविण्याचा योग आल्याने अण्णा सद्गदित झाले. सरकारी पत्राच्या सवयीने ते प्रत्येक पार्सलावर 'विषय' लिहितात. तसा ठळक अक्षरांत लिहिला: 'जामखेड'. त्याखाली चौकटीत प्रेषकाचा पिनकोड. घेणाऱ्याचा पत्ता कोपऱ्यात बारीक लिहून, तो पुसू नये म्हणून त्यावर खाकी टेपचे दोन पदर. पार्सल अहिल्यानगरचे दर्शन घेऊन जामखेडास परतले, ह्यात टपालखात्याकडे काडीचाही दोष नाही. घरातली मंडळी हसू लागली. अण्णांनी मात्र पार्सल सोडले, आतील पुस्तकाचे चारही कोपरे अंगठ्याने चाचपले, आणि कृतार्थ मुद्रेने म्हणाले, "बघा. जाऊन आलं, पण कोपरा हलला नाही!"

खरी पंचाईत होते ती घेणाराची. ह्याच तालुक्यात खर्ड्याचा किल्ला आहे. 1795 च्या मार्च महिन्यात निजामअलीने तेथे आश्रय घेतला, आणि मराठ्यांच्या वेढ्यामुळे त्यास बाहेर पडता येईना व मदतीस कोणास आत जाता येईना, तेव्हा तहावाचून गती उरली नाही. अण्णांच्या पार्सलातील ग्रंथाची अवस्था ह्याहून निराळी नसते. फक्त तह कोणाशी करावा हे कळत नाही. सुतळी दातांनी तुटत नाही, टेपचे टोक सापडत नाही. अखेर चिडलेला गृहस्थ विळीवर पार्सल धरतो, आणि चारशे किलोमीटर निर्धोक आलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घरच्याच पात्याची रेघ उमटते. अशा दोन-तीन तक्रारी येताच अण्णांनी 'पार्सल उघडण्याची रीत' असे सूचनापत्रक सुवाच्य अक्षरांत लिहून, त्याच्या झेरॉक्स काढून, ती प्रत्येक पार्सलात घालण्यास प्रारंभ केला. आत. पुस्तकाच्या मलपृष्ठाशी, पिशवीच्याही आत, भिजू नये म्हणून.

त्यांच्या विक्रीच्या पानावर गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचावयास मिळतात. 'पॅकिंग अप्रतिम', 'असे पॅकिंग आयुष्यात पाहिले नाही', 'पॅकिंग उत्तम, पुस्तक अद्याप पाहिलेले नाही'. पाच तारे सगळीकडे. ग्रंथाविषयी अवाक्षर नाही, आणि त्याचे अण्णांस वैषम्यही नाही.

तरीही निकाल द्यावयाचा तर तो अण्णांच्या बाजूनेच द्यावा लागेल. पातळ पिशवीत कोंबलेली, कोपरे दुमडलेली, पावसाने फुगलेली पुस्तके दारात टाकून जाण्याच्या ह्या काळात, जे पुस्तक पुनः छापले जाणार नाही ते पाच पदरी बंदोबस्तात, जसेच्या तसे आपल्या घरी येते, ही सामान्य गोष्ट नव्हे. तेव्हा वाचकहो, त्यांच्याकडून अवश्य मागवा. पत्ता पूर्ण द्या, पिनकोड दोनदा तपासा, आणि पार्सल आले म्हणजे विळी नव्हे, बोथट टोकाची कात्री घ्या व कडेकडेने कापा. सूचनापत्रक आत आहे.