राजपुत्राचे पालक

डोंबिवलीत नाटकाला नावं ठेवणारे, मिसळीला नावं ठेवणारे आणि रस्त्यांना नावं ठेवणारे असे तीन जुने, प्रतिष्ठित वर्ग आहेत. गेल्या वीसेक वर्षांत त्यांच्या जोडीला चौथा आलाय : 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या व्हिडिओ गेमच्या नव्या भागाला नावं ठेवणारा. पहिल्या तिघांना निदान नाटक पाहावं लागतं, मिसळ खावी लागते, रस्त्यावरून जावं लागतं. याला खेळाची दोन मिनिटांची जाहिरात पुरते.

वय चाळिशीच्या आसपास. नोकरी ऐरोलीला, घराचे हप्ते मानपाडा रोडचे, दुखरा गुडघा उजवा. स्टेशनचा पूल चढताना हा मध्येच थांबून मोबाइल बघतो, म्हणजे दम खातो. पण राजपुत्राने भिंतीवरून किती पावलं धावावं, उडी मारताना आधी कुठला पाय उचलावा, याबद्दल त्याच्याशी वाद घालायची सोय नाही. खेळ युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा असेल, राजपुत्र आपला.

याच्या मतांना एक नियम आहे, तो आधीच सांगून टाकतो. नवा भाग आला की तो वाईट. आणि नवा आला रे आला की काल-परवापर्यंत वाईट असलेला मागचा भाग रातोरात अभिजात.

सुरुवात कॉम्प्युटर क्लासात झाली. चपला बाहेर काढायच्या, आत एसी, आणि सर चहाला गेले की काळ्या पडद्यावर 'प्रिन्स' टाइप करायचं. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८९ मध्ये केलेला हा खेळ. त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत धावायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. म्हणून तो माणसासारखा धडपडायचा. साठ मिनिटांत तळघरातून राजकन्येपर्यंत पोहोचायचं. वाटेत खड्डे, सुळे, दातेरी पाती आणि पहारेकरी. डोंबिवलीहून सीएसएमटी गाठायला जलद लोकलने तासाभराच्या आसपासच लागतं. त्यामुळे वेळेत पोहोचणं हीच मर्दुमकी, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता एक गोष्ट खासगीतली. 'प्रिन्स'च्या पुढे 'मेगाहिट' टाइप केलं की दोन बटणं दाबून पुढच्या पायरीवर उडी घेता यायची. 'हल्लीचे खेळ फार सोपे झालेत' असं म्हणणारा आपला माणूस राजकन्येपर्यंत त्याच वाटेने पोहोचला होता.

हा वर्ग मध्य रेल्वेवर सलग पसरलेला असला तरी स्टेशनागणिक पोटभेद आहेत. कल्याणचा कडवा. त्याच्या मते राजपुत्र १९९३च्या दुसऱ्या भागानंतर संपला. पुढचं सगळं कंपनीचं. ठाण्याचा प्लेस्टेशनवाला. घोडबंदरला राहतो, खेळ विकत घेऊन खेळतो आणि किंमत सांगतो. डोंबिवलीचा मधला. २००३चा 'सँड्स ऑफ टाइम' हा त्याचा धर्मग्रंथ : खंजिराचं बटण दाबलं की काळ मागे जातो आणि हुकलेली उडी पुन्हा मारता येते. हा ग्रंथ त्याने मित्राच्या भावाने कॉपी करून दिलेल्या सीडीवर वाचलाय, हे तो किंमत निघाली की सांगत नाही.

पुढच्याच वर्षी 'वॉरियर विदिन' आला आणि पहिला आघात झाला. गोड बोलणारा राजपुत्र दाढीचे खुंट वाढवून, दात-ओठ खात, कानठळ्या बसवणाऱ्या रॉक संगीतावर माणसं कापायला लागला. 'हा राजपुत्र की नाक्यावरचा दादा?' असं म्हणत याने तीन महिने घालवले. खुद्द मेकनरलाही तो सूर रुचला नव्हता आणि त्याने तसं उघड सांगितलं होतं. ते याला कळल्यावर तर आपण आणि मेकनर एकाच बाकावरचे, अशी त्याची खात्री पटली.

मग २००८ आलं. नवा राजपुत्र, नवी कथा, सोबतीला एलिका. खड्ड्यात पडलं की ती हात धरून वर काढायची. मरणच नाही! खेळणाऱ्यांत जगभर दोन तट पडले. आपला माणूस कुठल्या तटात, हे सांगायला नको. 'मरायचंच नाही तर खेळायचं कशाला?' असा त्याचा सवाल होता. मेगाहिटचा उल्लेख कुणी केला नाही. आणि त्याच आठवड्यात 'वॉरियर विदिन'चं सोनं झालं. 'तो खरा मर्द राजपुत्र. तो दहाका राक्षस मागे लागला की घाम फुटायचा रे!'

१० सप्टेंबर २०२०ला 'सँड्स ऑफ टाइम' नव्या रूपात येणार अशी घोषणा झाली, आणि तो घडवत होते युबिसॉफ्टचे पुण्याचे आणि मुंबईचे स्टुडिओ. लोकल सामान्य प्रवाशांना बंद, ऑफिस जेवणाच्या टेबलावर, याच्याकडे वेळच वेळ. अभिमानाने ऊर भरून यावा असा क्षण. ऊर भरूनही आला; जाहिरात सुरू होईपर्यंत.

'चेहरे बघितलेस? सतरा वर्षांपूर्वीचा बरा दिसतो.' पाठोपाठ पुण्यावरचा विनोद : खंजीर दुपारी एक ते चार काळ मागे नेणार नाही. हा विनोद त्याने एकाच दिवशी कल्याणला, ठाण्याला आणि सासुरवाडीला पाठवला. सासुरवाडी कोथरूडची.

जगभरातून असाच सूर निघाला. जानेवारी २०२१ला यायचा खेळ मार्चवर गेला, मग बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये कंपनीने तो पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलकडे सोपवला, तेव्हा हा पेटला. 'आपल्या पोरांच्या हातातून काढून घेतात म्हणजे काय? वेळ द्यायला नको?' घरच्यांना बोलायचा हक्क आपला. बाहेरच्याने तोंड घातलं की आपण घरच्यांच्या बाजूने उभं राहायचं, एवढं साधं ते होतं.

तो राग निवतो न निवतो तोच जून २०२३ मध्ये 'द लॉस्ट क्राउन' जाहीर झाला. एका बाजूने दिसणारा, मूळ खेळाच्या वळणाचा; म्हणजे ज्याच्या आठवणीने हा वीस वर्षं उसासे टाकत होता, नेमका तसाच. पण जाहिरातीला रॅप संगीत. शिवाय नायक राजपुत्र नाहीच, सार्गोन नावाचा योद्धा. राजपुत्राला पळवून नेलंय आणि हा त्याला सोडवायला निघालाय. 'दुकानावर पाटी राजपुत्राची, आणि राजपुत्रच गायब!' या वाक्यावर तो इतका खूश झाला की जानेवारी २०२४ मध्ये खेळ बाजारात आला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, तरी वाक्य बदललं नाही.

बदललं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि खेळ घडवणाऱ्या माँपेलिएच्या चमूला दुसऱ्या कामांवर पांगवलंय, अशी बातमी आली. आठ-दहा दिवसांवर दिवाळी. नरकचतुर्दशीला फडके रोडवर सगळी डोंबिवली नटून उभी असते. त्या गर्दीत तिन्ही स्टेशनांचे प्रतिनिधी नव्या झब्ब्यांत जमले.

'वाईट झालं रे,' डोंबिवलीचा म्हणाला. 'एवढा चांगला खेळ.'

ठाण्याच्याने कप तोंडाजवळच थांबवला. 'चांगला? दुकानावर पाटी कोणाची म्हणत होतास?'

'ते जाहिरातीबद्दल. खेळाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.'

'खेळलायस?'

'बघितलाय.'

'कुठे?'

'यूट्यूबवर. पूर्ण. खेळणाऱ्या पोराने तीन ठिकाणी चुका केल्यात.'

'पहिल्या खेळातला खलनायक जाफर आहे का त्यात?' कल्याणच्याने विचारलं.

'नाही.'

'मग विषय संपला.'

'लोक विकत घेत नाहीत, हीच बोंब आहे,' डोंबिवलीचा कळवळून म्हणाला. ठाण्याच्याने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. पण सणाचा दिवस होता.

१४ एप्रिल २०२५ला तोच खेळ मोबाइलवर आला. सुरुवातीचा भाग फुकट. आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. संध्याकाळपर्यंत याचा फुकटचा भाग संपला आणि बायको भाजी आणायला गेली असताना याने उरलेल्याचे पैसे भरले. दुसऱ्या दिवसापासून गाडीत दाराजवळचा कोपरा धरून, एक खांदा पार्टिशनला टेकवून, सॅक पोटावर घेऊन हा सार्गोनला काफ पर्वतावर चढवतोय. दिव्याला कुणी कोपर मारलं की सार्गोन खड्ड्यात. हा चकार शब्द काढत नाही. पुन्हा उडी मारतो. आपण एवढ्या मायेने खेळतोय हे कुणाला दिसू नये म्हणून पडद्याचा उजेड कमी ठेवतो. शेजारच्या मुलाने 'काका, कसा आहे हा?' विचारलं, तर म्हणाला, 'ठीक आहे. जुन्याची मजा नाही.'

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने 'सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती कायमची रद्द केली. ज्या महिन्यात ती यायची होती त्या महिन्याला पाच वर्षं झाली होती. आपल्या माणसाने त्या संध्याकाळी जो सूर लावला तो ऐकून मला नियमाची पूर्ण ताकद कळली. 'पुण्याच्या पोरांनी केलेलाच बरा होता. चेहरे म्हणशील तर ओळखू यायचे. आणि रंग काय होते!' जो खेळ कधी आलाच नाही, तोही अभिजात झाला. उलट याच खेळात खोट काढायला जागा नाही. त्यामुळे तो आता सगळ्यांत वरचा.

यापुढे कंपनीने नवा भाग काढलाच, तर त्याच्या अटी तयार आहेत. राजपुत्र नवा नको, पण तोच तोच नको. मरण हवं, पण सारखं नको. अवघड हवा, पण ठाणे ते डोंबिवलीत एक पायरी पार पडली पाहिजे. संगीत जुनं, चित्रं नवी, जाफर असलेला बरा, कल्याणच्याचं तोंड बंद होईल. आणि काम पुण्या-मुंबईतच झालं पाहिजे.

एवढं सगळं जमवलं तर विकत घेशील का, असं ठाण्याच्याने विचारलं. तो म्हणाला, 'जाहिरात तर येऊ दे. मग बघतोच त्यांच्याकडे.'