साठ तासांची समाजसेवा: नवख्यांसाठी मार्गदर्शिका

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीचे जे रकाने पाडले आहेत, त्यांत मेजर, मायनर, व्हीएससी, एसईसी अशा आद्याक्षरांच्या गर्दीत 'सीईपी' नावाचा एक रकाना आहे. म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट. बहुतेक कॉलेजांत तो चौथ्या सेमिस्टरला येतो, दोन क्रेडिटचा असतो, आणि अशा कामाच्या एका क्रेडिटला तीस तास या हिशेबाने समाजाच्या वाट्याला तुमचे साठ तास येतात. घाबरू नका. समाज याहून मोठ्या संकटांतून सुखरूप बाहेर आलेला आहे.

तुमच्या आधीच्या पिढ्यांना एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना होती, अजूनही आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम, शिवाय सात दिवसांचं शिबिर. पण तो मामला हौसेचा. ज्याला जायचं तो जायचा, आणि मुंबई विद्यापीठात त्याबद्दल ग्रेसचे दहा मार्कही पदरात पडायचे. तुमच्या बाबतीत हौस असण्याची अट नाही. हजेरी पुरते.

गाव कसं निवडावं

गाव गरजू असावं हे प्रस्तावात लिहायचं. प्रत्यक्षात ते हायवेपासून जवळ असावं, एसटी दारात थांबावी, मोबाइलला रेंज असावी आणि शक्यतो एखाद्या सरांची सासुरवाडी असावी. असं गाव मिळालं की चौकशी करा. बहुधा एका इंजिनीअरिंग कॉलेजने आणि एका नर्सिंग कॉलेजने ते आधीच दत्तक घेतलेलं असतं. दोन-दोन ठिकाणी दत्तक जाऊनही ते पोरकं कसं, हा प्रश्न तुमच्या अभ्यासक्रमात नाही. उलट याचा फायदाच होतो. शाळेची किल्ली कुणाकडे असते, मुलींची सोय कुठे करायची, सूत्रसंचालनात कुणाचं नाव राहिलं तर कोण रुसतं, हे सगळं सरपंचांना पाठ असतं. तुम्ही नवखे असाल, गाव नवखं नाही.

फोटो

काम ठरायच्या आधी फ्लेक्स छापायला टाका. संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो मोठा, प्राचार्यांचा त्याहून लहान, आणि गावाचं नाव खाली उरलेल्या जागेत. फोटोवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटले पाहिजेत, कारण कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीला जिओटॅग नसलेली सेवा चालत नाही. खराटे कमी पडले तर एकाला तिघांनी हात लावावा. झाडताना कॅमेऱ्याकडे बघू नये. कचऱ्याकडे बघावं, म्हणजे चेहरा आपोआप गंभीर होतो. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन गाव झाडून काढत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. एवढं करूनही त्यांच्या कामाचा एकसुद्धा जिओटॅग उपलब्ध नाही, त्यामुळे त्यांना क्रेडिट देता आले नसते. त्यांच्या नावाने पुढे सरकारने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, ही गोष्ट वेगळी.

बंधारा

साठ तास भरायचे म्हणजे शिबिर आलं, आणि शिबिर म्हटलं की वनराई बंधारा हवाच. सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, त्यांत माती आणि वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी थरावर थर रचायची. विटांच्या भिंतीसारखीच सांधेमोड करायची; खालच्या दोन पोत्यांच्या फटीवर वरचं पोतं आलं पाहिजे. खर्च जवळपास शून्य, आणि पाऊस संपता संपता, ओढा वाहता असताना घातला तर खरोखर पाणी अडतं. रब्बीच्या एखाद्या पाळीला होतं, जनावरांना होतं, जवळच्या विहिरींनाही थोडा पाझर लागतो.

आता आपलं वेळापत्रक पाहू. पाणी वाहतं तेव्हा तिसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षा असतात. मग दिवाळीची सुट्टी, मग निकाल, मग विद्यापीठाची मंजुरी, मग अनुदानाचं पत्र. शिबिराची तारीख जानेवारीअखेरची किंवा फेब्रुवारीतली लागते. तोवर ओढ्यात फक्त गोटे असतात. खचून जाऊ नये. कोरड्या ओढ्यात पोती रचणं सोपं असतं, बूटही भिजत नाहीत आणि फोटोला ऊन चांगलं मिळतं. काठावर बसलेले एखादे आबा विचारतील, "पोरांनो, दिवाळीच्या आधी का नाही आला?" त्यांना नम्रपणे सांगावं, "आबा, आमचं सेमिस्टर तेव्हा संपत नाही." ते म्हणतील, "सेमिस्टर म्हंजी रब्बीतलं का खरिपातलं?" इथे हसून विषय बदलावा, कारण याचं उत्तर परिपत्रकातही सापडत नाही.

वृक्षारोपणाचंही तेच. फेब्रुवारीत रोप लावा, मार्चमध्ये सबमिशन करा. मे महिना रोपाचा खाजगी प्रश्न आहे.

सर्वेक्षण

चाळीस प्रश्नांचा गुगल फॉर्म करा आणि सकाळी अकराला गावात शिरा. त्या वेळी सगळं गाव रानात असतं, म्हणून काम झटपट होतं. घरी एखादी आजी सापडते. 'कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न' विचारल्यावर ती "तू कुणाची गं?" असं विचारते, 'शौचालय आहे का' विचारल्यावर आत जाऊन चहा टाकते. चहा घ्या, नाही म्हणू नका. कप खाली ठेवताना ती एवढंच विचारते: "मागल्या साली पोरं आली, त्यांनी बी हेच लिहून नेलं. त्याचं काय झालं?" या प्रश्नाला फॉर्ममध्ये रकाना नाही. पुढच्या घरी जा.

सावधगिरीची सूचना

काही बॅचेसमध्ये एखादा मुलगा असा निघतो की त्याला हापशापाशी साचलेलं डबकं दिसतं. त्याला वेळीच आवरा. तो शोषखड्डा काढायला घेतो: मीटरभर लांब-रुंद आणि तेवढाच खोल. तळाला मोठे दगड, त्यावर लहान, वर खडी, आणि मधोमध भोकं पाडलेलं मडकं, म्हणजे सांडपाण्यातला गाळ त्यातच अडकतो आणि नुसतं पाणी जमिनीत मुरतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे काढून डास हटवले, असे दाखलेही तो देऊ लागतो. पहार आणि घमेलं मागतो. मग पोरांच्या हातांना फोड येतात, दोन दिवस मोडतात, आणि शेवटी सगळं मातीखाली जातं. फोटोत काय दिसणार? कोरडी जमीन. पुढे तर आणखी पंचाईत होते. शेजारची बाई म्हणते, "आमच्या मोरीपाशी बी एक काढून द्या की." साठ तासांच्या वर गेलेल्या तासांना क्रेडिट नाही, हे तिला समजावण्यातच एक तास जातो.

अहवाल आणि पत्र

मागच्या बॅचचा अहवाल सीनियरकडून मिळतो. गावाचं नाव बदला, पण नकाशा बदलायला विसरू नका; तोंडी परीक्षेत नदी चुकीच्या बाजूने वाहताना सापडते ती तिथेच. निष्कर्षात 'ग्रामस्थांमध्ये जनजागृती झाली' हे वाक्य ठेवावं. ते कोणत्याही गावाला, कोणत्याही साली बसतं.

खरी अडचण ग्रामपंचायतीच्या पत्राची. पूर्वीचे ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी झाले असले तरी अनेकांकडे दोन-दोन गावं असतात, आणि तुमच्या समारोपाच्या दिवशी ते नेमके दुसऱ्या गावी असतात. म्हणून उद्घाटनाला आले की तिथेच गाठा. मजकूर टाइप करून तयार ठेवा: 'सदर विद्यार्थ्यांनी नेमून दिलेले काम समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहे.' सही घ्या, शिक्का नीट उमटलाय का पाहा, जावक क्रमांक टाकून घ्या आणि एक झेरॉक्स सरांकडे द्या. त्यानंतर काम सुरू करायला हरकत नाही.