कायदा लई चांगला!

(सोलापूर. जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं वकिलाचं टेबल. समोर मोहोळ तालुक्यातला पक्षकार कापडी पिशवीतून सातबारे उपसतो आहे.)

पक्षकार : वकीलसाहेब, मेहुण्यांवर दावा टाकायचाय. मंगळवेढ्याला सासऱ्याचं वडिलोपार्जित रान हाय. काळीभोर जमीन, मालदांडी ज्वारी. आमच्या मंडळीला त्यातलं एक कणीस दिलं न्हाई बघा!

वकील : सासरे आहेत?

पक्षकार : 2001 सालीच वारले.

वकील : वाटणी?

पक्षकार : न्हाई झाली.

वकील : मग काळजी नको मालक. हिंदू वारसा कायदा 9 सप्टेंबर 2005 ला बदलला. मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात नसले तरी चालतं, हेही सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं.

पक्षकार : वा! कायदा लई चांगला! बरं, दुसरं काम किरकोळ हाय. एक हक्कसोडपत्र टाईप करून द्या.

वकील : कोणाचं?

पक्षकार : बहिणीचं. बार्शीला दिलीया. आता आमच्या रानात हिस्सा मागतीय. लगीन करून दिलं, दर भाऊबीजेला चाटी गल्लीतनं साडी घेतो. वर हिस्सा कसला?

वकील : तोच.

पक्षकार : तोच म्हंजे?

वकील : मंडळींना मंगळवेढ्यात मिळणार तोच.

पक्षकार : अवो, ते सासरचं रान. हे आमचं हाय!

वकील : मेहुणे वेगळं काय म्हणतायत?

पक्षकार : त्यांना कायदा कळत न्हाई! आमचं तसं न्हाई. आमची वाटणी 2003 लाच झालीया. पारावर पंच बसले, च्या झाला, उठले.

वकील : 20 डिसेंबर 2004 च्या आधीची वाटणी टिकते, पण नोंदणी केलेली किंवा कोर्टाच्या हुकमाची. तोंडी वाटणी एखाद्या अपवादातच मानतात, तीही सरकारी कागदांचा आधार असला तर. चहाची नोंद कुठे असते?

पक्षकार : पण सातबाऱ्यावर माझ्या एकट्याचं नाव हाय. म्होरं ए.कु.मॅ. बी लावलंय, मानानं.

वकील : एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्यांची, तुम्ही नुसते कारभारी.

पक्षकार : आरं देवा! पोराच्या लग्नपत्रिकेत नावापुढं छापलं की मी!

वकील : आणि सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. उलट सिद्ध होईपर्यंत खरा धरायचा, एवढंच. बहिणीने आपखुशीने हक्क सोडला तर गोष्ट वेगळी. पण ते पत्रही नोंदणी केलेलं लागतं. साडीच्या घडीवर सही घेऊन भागत नाही.

पक्षकार : ऱ्हाऊ द्या. जुळे सोलापुरातल्या दोन खोल्या भाड्यानं दिल्यात. भाडेकरू म्हणतोय, भाडं चारच हजार ठरलं होतं. ठरलं होतं सहा!

वकील : करार?

पक्षकार : हाय की. अकरा महिन्यांचा, स्टॅम्पावर, नोटरी करून.

वकील : नोंदवलाय?

पक्षकार : अकरा महिन्यांला कशाला लागतंय?

वकील : महाराष्ट्रात लागतं. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच खरं.

पक्षकार : तो म्हणंल ते खरं? ह्यो काय कायदा हाय का काय! (थांबून) पर साहेब, आमचं पोरगं पुण्यात हडपसरला भाड्यानं ऱ्हातंय. त्याच्या मालकानं बी करार नोंदवला न्हाई. अन् आता डिपॉझिट ठरलंच नव्हतं म्हणतोय.

वकील : मग तिथे पोराचं म्हणणं खरं धरायचं.

पक्षकार : कायदा लई चांगला!

वकील : अजून काही?

पक्षकार : शेजाऱ्यानं माझी रानातली वाट नांगरून टाकली.

वकील : तहसीलदारांकडे अर्ज करा. मामलेदार न्यायालय कायदा 1906, कलम 5. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वहिवाटीची वाट खुली करून देण्याचा अधिकार त्यांना आहे. सोबत भूमी अभिलेखकडून मोजणीही मागवू. हद्दीच्या खुणा बसल्या की शेजारी गप्प.

पक्षकार : मोजणी? मोजणीचं ऱ्हाऊ द्या. वळसा घालून जाईन मी. तेवढाच व्यायाम.

वकील : बांध किती कोरलाय?

पक्षकार : मी न्हाई वो! ट्रॅक्टरच जरा तिकडं ओढतोय. धा वर्सं झाली, सवय लागलीया त्याला.

वकील : मालक, मग तुमच्या बाजूने मी उभा कशावर राहू?

पक्षकार : हितं हरलो तर हायकोर्टात उभं ऱ्हावा! आता मुंबई बी न्हाई, कोल्हापूरला झालंय. अंबाबाईचं दर्शन बी होतंय.

वकील : 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, खरं आहे. वाट जवळची झाली, कायदा मात्र मुंबईचाच आहे. आता ऐका. मंडळींच्या दाव्यात मी लिहिणार, मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. साक्षीला तुम्ही. उद्या बार्शीचा वकील तीच साक्ष तुमच्यापुढे धरेल.

पक्षकार : आयला! मग मंगळवेढ्याचा दावाच सोडू का?

वकील : तसं मंडळींना घरी जाऊन सांगता?

पक्षकार : (घाम पुसत) न्हाई, न्हाई. तुम्हीच मार्ग काढा.

वकील : भाडेकरार नोंदवा. मोजणी करून शेजाऱ्याचा बांध त्याला द्या, मग हक्काने वाट मागा. आणि पहिला फोन बार्शीला लावा. सगळे हिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारच वाटप करून देतात, दाव्याची गरज नाही. त्यानंतर मंगळवेढ्याचा दावा टाकू. या क्रमाने आलात तर एकाच दाव्याची फी. उलट्या क्रमाने आलात तर दोन दाव्यांची, आणि त्यातला एक तुम्ही नक्की हरणार.