मार्गशीर्षातले जिगवाले काका

दिवाळीचा कंदील माळ्यावर गेला की कल्याणच्या खाडीकाठी जिगवाले काका उगवतात. पारनाका, टिळक चौक, रामबाग, चिकणघर, कुठलाही पत्ता चालतो. वय साठीच्या आसपास, डोक्यावर कानटोपी, अंगात असंख्य खिशांचं जाकीट आणि हातात कार्बनचा रॉड. त्या रॉडची खरी किंमत काकांव्यतिरिक्त फक्त कुरिअरवाल्याला माहीत असते.

जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. त्याला रबरी मासोळी लावायची, तळाला सोडायची, रॉडच्या टोकाने जराशी उचलायची आणि पुन्हा पडू द्यायची. उचल, पड, थांब. मासा बहुतेकदा ती पडतानाच झडप घालतो. ही विद्या काका मोबाइलवर शिकले आणि गुरू थेट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे. तिकडच्या तळ्यांत मस्की नावाचा लांबोडका, दातेरी मासा असतो. दहा हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एकदा लागतो, अशी त्याची ख्याती. बर्फ धरण्याआधी तिथलं पाणी चार-पाच अंशांवर उतरतं, मस्की जड होतो, म्हणून जिगही तितक्याच आळसाने हलवायचा. काकांनी हा हंगाम जसाच्या तसा उचलून दुर्गाडीला आणला. आता कल्याणात पहाटे पारा पंधरावर आला तरी पेपरात ‘हुडहुडी’ छापून येते आणि खाडीचं पाणी तर हवेपेक्षाही कोमट असतं. म्हणून काही कानटोपी काढायची नाही.

मस्कीच्या जागी काकांनी जिताड्याची नेमणूक केली आहे. तशी निवड वाईट नाही. जिताडाही दबा धरून बसणारा, खाऱ्या पाण्यातून गोड्यात चढणारा, आणि तरुणपणी नर असून पुढे मादी होणारा. (ही शेवटची माहिती काका शेजारी उभ्या अनोळखी माणसांना आपणहून देतात. ती माणसं मग जरा लांब सरकतात.) अडचण एवढीच की थंडी पडण्याआधी मस्की खाऊन चरबी चढवतो आणि जिताडा पडला उबेचा जीव, गारठ्यात त्याची भूकच मरते. हे काकांना कोणी सुनावलंच, तर उत्तर तयार असतं : ‘‘म्हणूनच तर हळू हलवतोय!’’

काठावर कोणी नवखा सापडला की काका त्याला आधी १६५७ सालात नेतात. महाराजांनी कल्याण घेतलं, याच खाडीत जहाजं बांधायला काढली, आरमाराची सुरुवात झाली. तिथून ते थेट स्वतःच्या रीळवर येतात. मधल्या साडेतीनशे वर्षांत खाडीत विशेष काही घडलं नाही, असा एकूण सूर. मग भरतीचं गणित : तिथीला तीनने गुणा, चारने भागा, चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा. पण हे झालं मुंबईचं. वसईच्या तोंडातून शिरलेलं पाणी घोडबंदर, काल्हेर, मोठागाव करत कल्याणला येतं ते लोकलसारखं उशिरा, आणि किती उशिरा याबद्दल काकांचं स्वतःशीही एकमत नाही.

एवढं करून गळाला लागतं काय? बहुतेकदा जलपर्णी. तिच्या खालोखाल निर्माल्याची पिशवी, चालत्या रिक्षातून भक्तिभावाने भिरकावलेली. शेजारीच वाडेघरचा एखादा पोरगा हातात नुसती दोरी घेऊन बसलेला असतो. गरीला कोलंबीचा तुकडा, की तासाभरात त्याच्या डब्यात दोन-चार शिंगाळे. त्याला काकांची दया येते. ‘‘काका, कोलबी लावा, कायतरी लागंल!’’ काका ताठ होतात. ‘‘आपण आमिष वापरत नाही. फक्त आर्टिफिशियल.’’

खरी गोम इथे आहे. कोलंबी ठेवणार कुठे? काकूंच्या फ्रिजमध्ये चातुर्मासात कांद्यालाही मज्जाव. त्या घरात माशाचं चित्र येतं ते मत्स्यावतारापुरतं. असा माणूस गरवायला लागला तर त्याने धरलेल्या माशाचं करायचं काय, या प्रश्नाने काकांची उमेदीची वर्षं वाया गेली. उत्तर मस्कीवाल्यांनी दिलं. ते लोक मासा धरतात, लांबी मोजतात, फोटो काढतात आणि अलगद परत सोडतात. मारून घरी नेणाऱ्याकडे तिथे वाकड्या नजरेने बघतात. म्हणजे शाकाहारी राहून मासेमारी करणं हा चोरटेपणा नसून उच्च दर्जाचा खेळ आहे! काकांना गुरुमंत्रच मिळाला.

राहता राहिले समोरच्या ब्लॉकमधले मासेखाऊ शेजारी. पेण-अलिबागकडे साहेबाच्या घरी जिताडा पोचला की अडलेली फाइल हलते, अशी या माशाची पत. तो कोणी परत पाण्यात सोडणार म्हटल्यावर शेजाऱ्यांचा जीव कासावीस होतो. ‘‘सोडायचाच तर आमच्या दारात सोडा की!’’ त्यांना वाटेला लावण्यासाठी काकांनी महिना निवडला मार्गशीर्ष. शेजारीण घट मांडते, महिनाभर घरात मासळी बंद. आता काकांनी मगर धरून आणली तरी कोणी वाटा मागायला येणार नाही. थंड पाणी, सुस्त मासा, हळू जिग हे सगळं बोलण्यापुरतं. पंचांग, काकू आणि शेजार या तिघांनाही एकदम चुकवता येतं ते याच दिवसांत, आणि माझ्या मते एवढी अचूक आखणी विस्कॉन्सिनमध्येही कोणाला जमलेली नाही.

तेव्हा दुर्गाडीला किंवा गांधारीला असे काका दिसले तर ‘काय मिळालं?’ असं विचारू नका. पाणी कसं आहे ते विचारा, मात्र तासभर मोकळा ठेवून. आणि निर्माल्य कलशातच टाका. पुलावरून टाकलेली पिशवी त्यांनाच लागते.