उपाशी कापड

शेगावला मावशीच्या दारात पाऊल टाकलं की पाण्याचा तांब्या नंतर येतो, आधी मावशीचा हात येतो. अंगठा आणि तर्जनीत ती शर्टाची कॉलर धरते, कापड चोळून बघते, मग दोन पावलं मागे सरकते आणि मान तिरपी करते. एक्स-रे उजेडाला धरलेल्या डॉक्टरसारखा तिचा चेहरा होतो. मग ते वाक्य येतं, ज्याची आमच्या सगळ्या खानदानाला धास्ती आहे.

"चांगलं हाये रे बाबू. पन उपाशी दिसून राह्यलं."

उपाशी मी नसतो, कापड असतं. ज्यावर वेल नाही, लेस नाही, टिकली नाही, निदान एखादा गोंडा तरी नाही, ते कापड मावशीच्या लेखी जेवायचं राहिलेलं असतं. आणि गजानन महाराजांच्या गावातून कोणी उपाशी परत जायची पद्धत नाही.

मागे एकदा मी पुण्याहून फिक्या निळ्या रंगाचा शर्ट घालून गेलो होतो. अठराशे रुपयांचा. त्यावर काहीच नव्हतं आणि त्या काहीच नसण्याचेच अठराशे होते. रात्री तो खुंटीला टांगून झोपलो. सकाळी पाहतो तर खिशातून एक हिरवी वेल निघून खांद्याच्या दिशेनं चालली होती. साखळी टाक्याची वेल, मधे मधे गाठी टाक्याच्या कळ्या. मी ओरडलो, "मावशी, हे काय?"

"पुरी नाई झाली अजून," ती कसनुसं तोंड करून म्हणाली. "हिरवा दोरा संपला नं."

म्हणजे माझा उरलेला शर्ट वाचला तो केवळ दोऱ्याच्या टंचाईनं. दुसरा शर्ट धुवायला पडला होता म्हणून सोमवारी तोच घालून ऑफिसात गेलो, मान खाली घालून. दुपारपर्यंत तिघांनी विचारलं, "हातकाम आहे ना? कुठून घेतलास?" मी म्हटलं, "शेगावहून करून मागवला." खोटं मुळीच बोललो नाही. पण हे मावशीला मी आजतागायत सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझ्या पँटचं काय होईल?

मावशीचं दुकान नाही, बुटीक नाही, क्लास नाही. आहे ती एक पायमशीन, लग्नात आलेली. तिच्या झाकणाला झालर आहे, पायट्याला घसरू नये म्हणून जुन्या सतरंजीचा तुकडा आहे, आणि चाकाच्या पट्ट्याला काही लावता येत नाही याची मावशीला खंत आहे. शेजारी पोळ्यांचा जुना डबा. त्यात कात्र्या, रिळं, कशिद्याची रिंग, टेप, खडू आणि उसवायचं ब्लेड. मण्यांसाठी मात्र होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या. मावसाजींचं होमिओपॅथीचं औषध त्याच फळीवर असतं. एका रात्री लाइट गेलेली असताना त्यांनी सर्दीसाठी चार पांढरे मणी जिभेखाली धरले आणि विरघळत नाहीत म्हणून अर्धा तास चघळले. सकाळी सर्दी गेली होती. मावसाजी अजूनही त्या औषधाचं नाव विचारतात.

कच्चा माल मावशी विकत आणत नाही. अकोल्याला गेली तर लेस तेवढी आणते, तीही दुकानदारानं "हा शेवटचा तुकडा, घेऊनच जा" म्हणेपर्यंत थांबून. बाकी सगळा पुरवठा ओटीचा. आपल्याकडे ब्लाऊजपीस नावाचं जे कापड आहे त्याचा ब्लाऊज क्वचितच होतो. ऐंशी सेंटिमीटरचा तो तुकडा शेगावातून खामगावला जातो, खामगावहून अकोल्याला, तिथल्या हळदीकुंकवातून बाळापूरला, आणि पुढच्या संक्रांतीला त्याच टाचणीसकट आपल्याच ओटीत येऊन पडतो. तो कापायचा नाही, पुढं सरकवायचा, हा बायकांमधला अलिखित करार आहे. मावशी हा करार मोडते. तिच्याकडे गेलेला ब्लाऊजपीस परत येत नाही. त्याची पिशवी होते, उशीचा अभ्रा होतो, कुणाच्या साध्या कुर्त्याच्या बाह्यांना पट्टी होते. गल्लीतल्या एका काकूनं एकदा मावशीच्या पिशवीतला एक तुकडा ओळखला. "हा तं मी तुले चार वर्साआंदी देल्ता!" मावशी म्हणाली, "मंग? कामी आला नं बिचारा. नाईतं अजून फिरतच राह्यला असता."

चिंध्यांबद्दल मात्र तिच्याशी वाद घालायचा नाही. तिथं तिच्याकडे थेट महाराजांचा आधार आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला, महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दासगणूंच्या गजानन विजय ग्रंथाचे एकवीस अध्याय मावशीनं किती वेळा वाचले याचा हिशेब नाही. पण पहिल्या अध्यायातून तिनं स्वतःपुरता अर्थ काढला तो असा: टाकलेलं काहीच टाकाऊ नसतं. कोपऱ्यावरच्या टेलरकडून ती दर शनिवारी कात्रणांचं गाठोडं आणते. भाचीनं एकदा त्यातलं थोडं कचऱ्यात टाकलं तर मावशी गरजली, "महाराजाईनं उष्ट्या पत्रावयीवरचे शितं येचले, अन् तू धड चिंधी फेकतं?" यावर कोण काय बोलणार? ज्या महाराजांना अंगावर वस्त्र असलं काय नि नसलं काय, सारखंच होतं, त्यांच्या नावावर एवढी शिवणटिपण चालते, हे मात्र मनातल्या मनात म्हणायचं. त्या पोथीचं बासनही मावशीनंच केलंय. लाल, चार कोपऱ्यांना चार गोंडे, मधे मण्यांचं कमळ. पोथी उघडायला दोन मिनिटं लागतात.

शेगावात राहायचं म्हणजे कचोरी आली, आणि कचोरी आली की तेल आलं. कागदातून पाझरलेलं तेल, तळलेल्या मिरचीचं टोक मोडताना उडालेलं तेल. दुसऱ्यांच्या घरी असा डाग पडला की साबण निघतो, मावशीकडे सुई निघते. डागाच्या मापाचं पान किंवा फूल कापायचं, कडा आत दुमडायच्या आणि बारीक टाक्यानं वर बसवायचं. त्यामुळे तिच्या घरातल्या कपड्यांवर कोण किती आणि कसं खातो याची नोंद आहे. मावसाजींच्या सगळ्या सदऱ्यांवर डावीकडे, खिशाच्या वर, एक पान. मावसभावाच्या शर्टांवर पोटापाशी अख्खी बाग. तो लग्नासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीच्या आईनं विचारलं, "बागकामाची आवड आहे का?" त्यानं हो म्हणून सांगितलं. लग्न जमलं. सून आली तेव्हा तिच्या साडीच्या पदरावर पहिल्याच आठवड्यात कचोरीचा थेंब पडला, आणि मावशी एवढी खूश झाली की लग्नात झाली नसेल.

सगळेच प्रयोग साधतात असं नाही. एका मे महिन्यात भाचीच्या साध्या दुपट्ट्याला तिनं काठानं धातूच्या टिकल्या लावल्या. दिसायला फार सुरेख. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जाऊन बसतो आणि पोरी दुपट्टा तोंडाला गुंडाळूनच गाडी चालवतात. भाची स्टेशनपर्यंत जाऊन आली तेव्हा नाकावर पाच आणि गालावर तीन गोल चटके, एका ओळीत, सारख्या अंतरावर. ती रडकुंडीला आलेली. मावशीनं तिला कोरफड लावली आणि लावता लावता निरखून म्हणाली, "पाय, अंतर कसं येकदम बरोबर आलं!"

दुसरा फसलेला प्रयोग गोंदाचा. भाचीनं मोबाइलवर तिला व्हिडिओ दाखवले. त्यातल्या पोरी साध्या बॅगेला, साध्या बुटांना पाच मिनिटांत खडे चिकटवून मोकळ्या होतात. सुई नाही, दोरा नाही. मावशीनं एक पिस्तुलासारखं गोंदयंत्र मागवलं आणि आठवड्यात घरातल्या सगळ्या साध्या वस्तू सजवून टाकल्या. चष्म्याचं घर, पाकीट, मावसाजींच्या टोपीची घडी, सगळं. पहिल्या धुण्याला बादलीच्या तळाशी अडीचशे खडे चमकत होते. तेव्हापासून ते पिस्तूल माळ्यावर आहे. "चिकटवलेलं थे पाव्हनं," मावशी म्हणते. "शिवलेलं थे घरचं."

खामगाव चांदीसाठी नावाजलेलं. तिथल्या नणंदेकडे मोडके पैंजण पडलेले होते. मावशीनं त्यातले शाबूत घुंगरू काढून घेतले आणि आपल्या ब्लाऊजच्या नाड्यांच्या लटकनांना लावले. त्या दिवसापासून मावशी घरात कुठे आहे ते सगळ्यांना ऐकू येतं. मावसाजी म्हणतात, हे एक काम तिनं माझ्यासाठी केलं. घुंगरू जवळ यायला लागले की ते तंबाखूची पुडी उशाखाली सरकवतात.

मला वाटलं, मावशीला जगाचं काही सांगावं. म्हटलं, "मावशी, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग झालं होतं, १९४१ साली. मग १९४३ मध्ये तिथल्या सरकारनं ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिकाच काढली. जुन्याचं नवं कसं करायचं, रफू कसं करायचं, ठिगळ कसं लावायचं." मावशीनं सुईत दोरा ओवता ओवता ऐकून घेतलं. मग दोऱ्याचं टोक जिभेनं ओलं करून विचारलं, "म्हंजे सरकारनं सांगेपावतर थ्या बायका काय करत व्हत्या?"

तिची खरी परीक्षा मात्र पांढऱ्या कपड्यांनी घेतली. महाराजांच्या संस्थानात सेवेकरी पाळीपाळीनं सेवा देतात, विनामोबदला, पांढऱ्या पोशाखात. मावसाजींची पाळी आली. कोरा पांढरा सदरा, कोरा पायजमा, टोपी शिवून आली आणि आदल्या रात्री मावशीच्या मशीनवर घडी करून ठेवली गेली. घरात कोणाला झोप नाही. मध्यरात्री मशीनचा आवाज सुरू झाला. मावसाजी अंथरुणात उठून बसले, मला म्हणाले, "गेलं. वेल चढली." आम्ही दाराच्या फटीतून पाहिलं. मावशीनं सदरा उलटा केला होता. टेलरनं घाईत मारलेली आतली टीप ती उसवत होती आणि बारीक टाक्यानं पुन्हा घालत होती. बगलेतली, गळ्यातली, खालच्या दुमडीची. बाहेरून काही नाही. सकाळी मावसाजींनी भीत भीत विचारलं, "काही लावलं नाई?"

"त्याले काय लावू?" मावशी म्हणाली. "थो जेवलेला हाये."

पण एवढा संयम तिला झेपणारा नव्हता. सदरा ज्या पिशवीतून जायचा तिला तिनं सतरा ब्लाऊजपीस, बारा आरसे आणि लोकरीचे आठ गोंडे लावले. आणि मावसाजींच्या साध्या काळ्या चपलांच्या पट्ट्यांवर दोन लाल गोंडे. एवढे मोठे, की चालताना ते डोलत.

त्या गोंड्यांवर मी फार हसलो. मग गेल्या उन्हाळ्यात गावातल्या एका लग्नाला गेलो. जेवणं झाली, बाहेर आलो, तर दाराशी चारशे तपकिरी सँडल, सगळे एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघाल्यासारखे. माझा नवा जोड त्यातच कुठेतरी होता, किंवा नव्हता. मी अर्धा तास प्रत्येकात पाय घालून पाहिला. मावसाजी आले, उंबरठ्यावरूनच नजर टाकली, लाल गोंड्यांपाशी गेले, पाय सरकवले आणि पान लावायला टपरीकडे निघाले. शेवटी एक जोड उरला. माझ्या नंबराहून एकानं लहान. टाचा बाहेर काढून, फरपटत, मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी नवे सँडल घेतले. तपकिरी, साधे. मशीनसमोर जाऊन मावशीच्या पुढ्यात ठेवले आणि उभा राहिलो. तिनं पट्टा अंगठ्यात आणि तर्जनीत धरला, चोळून पाहिला, दोन पावलं मागे सरकली, मान तिरपी केली. घुंगरू वाजले. ती तोंड उघडणार एवढ्यात मीच म्हणालो, "उपाशी आहेत."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग पोळ्यांचा डबा बाजूला सारून उठली.

"बस बाबू," ती म्हणाली. "आंदी पानी पे."